बाबांची खंजिरी

अकोला, मंगळवार, १९६२

बाबा आम्हाला ओळखत नाहीत. गाण्याने काही आठवेल म्हणून आई आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे भजन म्हणतो. आज त्यांनी माझ्या हातातून खंजिरी ओढून घेतली आणि अख्खं भजन वाजवलं. एक ठोका चुकला नाही! आईला वाटलं, बाबा परत आले. मलाही.

खंजिरी ठेवून ते आईला म्हणाले, "लय छान गाता बाई तुमी. जातो आता. घरी बायको वाट पाहून राहिली असन."

"जेवून जा," आई म्हणाली.

पाहुण्यासारखे संकोचत जेवले. याला गुण आला म्हणायचं?

भांडी घासताना आई म्हणाली, "उद्यापासून भजन नोको रे." मी खंजिरी खुंटीला अडकवून ठेवली.