खांबावरची बाटली

प्रिय हिलारियो,

पास्कुआलच्या होडीतून तू पाठवलेली तांदळाची गोणी आणि चिठ्ठी, दोन्ही कोरडी पोचली. चिठ्ठीत चारच ओळी. तुझी जोवेलिन अकरा वर्षांची झाली, सुट्टीत तिला महिनाभर माझ्याकडे पाठवायचा विचार आहे, तिला पोहता येत नाही, आणि शेवटी, ‘मानांग, ओहोटीला तुझ्याबरोबर ती पाण्यात उतरली तर चालेल का?’ तेवीस वर्षांत तू या थोरल्या बहिणीला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाताळला तुझ्याकडून कपडे येतात, ताताय गेले तेव्हा बापासाठी फुलांचं चक्र आलं, पण प्रश्न कधी आला नाही. ‘हो, पाठव’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? मला चार दिवस झाले, आणि अजून लिहिलेलं नाही. फोन का नाही केलास म्हणशील, तर फोनवर मी आधी रडते आणि मग भांडते, हे तुला माहीत आहे.

आधी एक बातमी सांगून टाकते, कारण ती तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत पोचणारच आहे. गेल्या मंगळवारी मी एका माणसाचे दोन दात पाडले. वाळूच्या टोकाला नवीन रिसॉर्ट झालंय, तिथे पाहुण्यांना फिरवणारा रोडेल म्हणून एक आहे. एका पाहुण्या बाईच्या मांडीला जेलीफिशचे धागे चिकटले होते आणि हा शहाणा ओल्या वाळूने तिची मांडी घासत होता, वरून बाटलीतलं प्यायचं पाणी ओतत होता. त्याचा जोडीदार ओरडत होता, ‘मुता रे कुणीतरी हिच्यावर!’ बाई गुरासारखी हंबरत होती. मी दोनशे पावलांवर तिसऱ्या वेचत होते. गुडघाभर पाण्यातून धावत आले, ‘चोळू नको, चोळू नको’ म्हणत, तर हा वर बघून म्हणतो कसा, ‘आजी, तुम्ही तुमचे शिंपले वेचा.’ माझ्या हातात वाळू टोचायची लोखंडी सळई होती. तिच्या मुठीने मी त्याचे दात घशात घातले. मग काठच्या खांबाला बांधलेली बाटली सोडली आणि बाईच्या मांडीवर शिरका ओतला, साठ आकडे मोजेपर्यंत, सावकाश. तोवर रोडेल रक्त थुंकत मला शिव्या घालत होता. बाई वाचली. गावच्या कप्तानाने मला बोलावून माफी मागायला लावली. मी दातांची मागितली, फटक्याची नाही. ‘फिस्ता,’ कप्तान म्हणाला, ‘समुद्र चावतो तेवढं पुरे नाही का गं? आता तू पण चावायला लागलीस?’ रोडेल आता कमरेला दोन बाटल्या बांधून फिरतो, आणि मला बघितलं की तोंडावर हात ठेवतो.

तर जोवेलिन. ती आलीच, तर पहिल्या दिवशी मी तिला पाण्यात सोडणार नाही. काठावर उभी करून नुसतं घाबरवणार आहे, कारण न भिणाऱ्या माणसाला आपला समुद्र सोडत नाही. मग तिच्या अंगात आईची, नानायची, जुनी लांब विजार, माझा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड तळाचे बूट. ‘एवढ्या उन्हात एवढे कपडे?’ म्हणून पाहुणे आपल्या बायकांना हसतात. हसू देत. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूतून घासत न्यायचा, म्हणजे वाळूखाली निजलेलं पाकट आपण होऊन निघून जातं. त्याच्या अंगावर पाय पडला तर शेपूट उलटी फिरते. शेजारच्या कोरासोनच्या पोटरीतून काटा आरपार गेला होता, आठवतं? तिच्या नवऱ्याने घाईघाईने तो उलटा ओढला. काट्याला करवतीसारखे दात, बाहेर येताना मूठभर मांस घेऊन आला. आजही ती पाय ओढत चालते आणि नवऱ्याला रोज एकदा तरी ऐकवते, ‘पाकट बरं होतं तुझ्यापेक्षा.’

प्रवाळाच्या कडेला मात्र पाय घासून चालत नाही, तिथे दगडमासा दबा धरून असतो. आधी सळईने टोचायचं आणि मगच पाऊल. तू गेल्यानंतरच्या वर्षी धिप्पाड कुलासचा पाय त्याच्यावर पडला. तो माणूस वाळूत लोळत कोयता मागत होता. कुणी देईना तेव्हा स्वतःच सरपटत जाऊन होडीतला कोयता त्याने घेतला आणि घोट्यावर उगारला. पहिला घाव बसलासुद्धा, हाडापर्यंत. आम्ही तिघी त्याच्या छातीवर बसलो आणि पाय गरम पाण्याच्या टोपात धरला. पाणी सोसेल तेवढंच गरम, आधी आपला हात घालून बघायचं, नाहीतर विषातून वाचलेला पाय भाजून जातो. तासाभराने तो लहान पोरासारखा हुंदके देऊन झोपला. पायावर वण आहे तो माशाचा नाही, त्याच्या स्वतःच्या कोयत्याचा. आणि जोवेलिनला नक्षीदार शंकूसारखे शंख दिसतील, त्यांना हात लावायला तिचे हात शिवशिवतील. लावला तर मी आधी तिच्या हातावर फटका मारीन आणि कारण मागून सांगीन. त्या शंखातली सोंड टोचली की श्वास थांबतो. आजवर मी कुणाच्या मुलांना मारलं नाही, पण तिला मारीन.

पाऊस पडून गेल्यावर पाणी गढूळ असतं आणि वारा पडलेला असतो, तेव्हा तिवरांच्या तोंडाशी उतरायचंच नाही. ते दिवस जेलीफिशचे, पाण्यात पाण्यासारखीच, दिसतसुद्धा नाही. आणि कुठल्याही दिवशी, कितीही ऊन असो, खांबावर शिरक्याची बाटली असल्याशिवाय कुणी पाय भिजवायचा नाही. आपल्या गावाची ही चाल तुला मी काय सांगू. ओहोटीला पहिली उतरणारी बाई बाटली बांधते, शेवटची परतणारी सोडून आणते. फक्त आता एक नवीन गोष्ट आहे. बाटली बांधण्याआधी मी तिच्यातला घोटभर शिरका तोंडात घेते. रोज सकाळी, उपाशीपोटी. माझ्या दातांची कल्हई गेली आहे. बायका मला आंबटतोंडी म्हणतात. कोरासोन म्हणते, ‘नवऱ्याचा मुका घेतला नसशील एवढे बाटलीचे घेतेस.’ मी हसते. आमादोला जाऊन तीन वर्षं झाली, आता हसायला हरकत नाही.

आमादोवरून आठवलं, म्हणजे विसरलेच कधी होते. तो मागणी घालायला आला ती संध्याकाळ. न सांगता आले सगळे, आई-बाप, दोन काका, आणि हातात ही एवढी ताजी सुरमई. नानायची तारांबळ उडाली. मी चोविसाची, गावात माझ्या बरोबरीच्या पोरींना दोन-दोन मुलं झालेली, मी हातची संधी घालवणार नव्हते. सुरमईचे कच्चे तुकडे मी आलं-मिरची घालून शिरक्यात मुरवले, तर आमादोच्या आईने तीनदा मागून घेतले आणि म्हणाली, ‘हिच्या हाताला चव आहे, ही पोर आमची.’ तू माडावरून माडी काढून आलास, काकांना पाजलीस, स्वतःही प्यालास. चांगली रात्र होती ती. पाहुणे आपल्याकडेच झोपले.

सकाळी ओहोटी लवकर होती. आपली धाकटी बहीण दुल्से आठ वर्षांची, तिने पाहुण्यांसाठी घातलेला नवा फ्रॉक काढायचा नाही म्हणून हट्ट धरला, आणि मीच म्हटलं, राहू दे. आदल्या दुपारी सर येऊन गेली होती. ती मांडीभर पाण्यात गेली आणि तिचा आवाज आला. तो आवाज मी कागदावर कसा लिहू? चाबकाने सोलावं तसे लाल-जांभळे वळ तिच्या पायांवर कमरेपर्यंत उठले होते आणि त्यांत धागे अजून हलत होते. तू सगळ्यांच्या आधी पोचलास. तिला उचलून खांबापाशी आणलंस, तुझ्या हाताला धागे लागले तरी सोडली नाहीस. बाटली दातांनी उघडून तिच्या पायांवर सगळी ओतलीस. तशी ती जास्तच किंचाळली. शिरका ओतल्यावर डंख वाढत नाहीत, आणि इथे वळ आमच्या डोळ्यांदेखत चढत होते. मग वास आला. माडीचा. ताताय धावत आले, रिकामी बाटली हुंगली, आणि तुझ्याकडे पाहिलं. तोवर दुल्सेचे ओठ निळे झाले होते. तुझ्या मांडीवरच तिचा श्वास बंद पडला, चार माणसं जमायच्या आत.

पुढचं तुझ्या हातालाच ठाऊक. तातायनी वल्हं उचललं. ‘माझी पोर मारलीस, दारुड्या, शिरका ओतून देऊन बाटलीत माडी लपवून ठेवलीस!’ पहिला घाव खांद्यावर, दुसरा पाठीवर. तू म्हणालास, ‘ताताय, मी नाही.’ तीनदा म्हणालास. दर वेळी घाव जोरात बसला. तू डोकं वाचवायला हात वर केलास आणि वल्हं त्या हातावर आलं. कट्ट करून आवाज झाला, आणि कोपराखाली जिथे वाकायला नको तिथे तो वाकला. तरी ते थांबेनात. कुलासने त्यांना मागून मिठी मारली तर त्यांनी डोक्याने त्याचं नाक फोडलं. वाळूत तुझं रक्त, कुलासचं रक्त, आणि मधे दुल्सेचा तो नवा फ्रॉक. नानाय तिला आपल्या झग्याच्या टोकाने पुसत होती, वाळू लागू नये म्हणून. आणि मी? मी आमादोच्या शेजारी उभी होते. चौथ्यांदा तू काही म्हणाला नाहीस. तू माझ्याकडे पाहिलंस, मग मान खाली घातलीस, आणि पुढचे घाव गुमान घेतलेस. त्याच रात्री पास्कुआलच्या बापाच्या होडीत बसून तू गेलास. हात नीट बसवायला कुणी भेटलं नाही म्हणे. जोवेलिन दोन वर्षांची असतानाचा तुझा फोटो आला होता, त्यात तू तिला डाव्या हाताने धरलं आहेस. तो फोटो माझ्या पलंगाच्या वर आहे.

तातायनी ते वल्हं त्याच दिवशी जाळलं आणि पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. शेवटच्या वर्षी बोलणं घसरलं होतं, तरी एक वाक्य स्वच्छ म्हणायचे, ‘तीनदा नाही म्हणाला तो, मी मोजलं होतं.’ माझ्याकडे बघत म्हणायचे. मी त्यांना पेज भरवायचे.

हिलारियो, त्या संध्याकाळी घरातला शिरका संपलेला होता. बरणीच्या तळाशी नुसता गाळ. सुरमई तशीच पडलेली, बाहेर आमादोची आई बसलेली. मी मागच्या दाराने गेले आणि दुसऱ्या दिवसासाठी भरून ठेवलेली बाटली मुरवणात उपडी केली. रिकामी दिसू नये म्हणून तुझ्या बांबूच्या नळीतली दोन दिवसांची माडी तिच्यात ओतली. आंबूस वास येतच होता. मनाशी म्हटलं, आंबलेलीच आहे, दोन दिवसांत आपोआप शिरका होईल, एका दिवसाने काय बिघडतंय. आता आरोग्य केंद्रातली नर्स सांगते की दारूने ते डंख आणखी फुटतात. तीच असंही म्हणते की एवढ्या डंखांत शिरक्यानेही पोर वाचली असती असं नाही. या दुसऱ्या वाक्यावर मी किती वर्षं काढली. पण तुझा हात त्या वाक्याने सरळ होत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती मी डोळे उघडे ठेवून दिली, एका मागणीसाठी. मी एक शब्द बोलले असते तर तिसऱ्या घावालाच वल्हं थांबलं असतं. तुझ्या नळीला हात लावणारी घरात दोनच माणसं होती, तू आणि मी. नळीतली माडी किती उतरली हे माडी काढणाऱ्याला कळत नाही असं होतं का? म्हणून तू मान खाली घातलीस. आणि हे सगळं माहीत असून तू विचारतोस, ती तुझ्याबरोबर उतरली तर चालेल का. चार दिवस मी हेच बघत बसले आहे, की तू मला माफ केलं आहेस की माझ्या तोंडून ऐकायचं आहे. ऐकायचं असेल तर ऐक, ती मीच. रविवारी चर्चबाहेर हेच सगळ्या गावापुढे सांगणार आहे, तातायच्या कबरीला आजच सकाळी सांगून आले. आता मुलगी पाठवायची की नाही, तू ठरव. नाही पाठवलीस तर मी रागावणार नाही, तो हक्क मी खाऊन टाकला. पाठवलीस, तर रोज सकाळी बाटली बांधण्याआधी पहिला घोट माझा असेल आणि दुसरा तिचा. माझ्या जिभेवर तिने विश्वास ठेवायचा नाही, हे तिला मी पहिल्याच दिवशी शिकवीन.

तेव्हा गप्प राहिलेली, तुझीच,
फिस्ता