पाठवणीच्या टाळ्या

ती. हौशीराम आबांस,

कुसगावहून नसीरचा सलाम आणि रामराम, दोन्ही. रागात असाल तर जो घ्यावासा वाटेल तो घ्या, पण एक तरी घ्या.

गुडघे कसे आहेत? लोहगडवाडीवर धुकं उतरलं की तुमचा खोकला चढतो म्हणून विचारतो. (तसा खोकला मी ऐकलाय. स्नेहलच्या लग्नानंतर जितक्यांदा फोन केला तितक्यांदा नंदामावशींनी उचलला आणि “ते झोपल्यात” म्हणाल्या, आणि मागं तुम्ही चांगले जागेपणी खोकत होतात.) मावशींच्या टपरीवर गर्दी आहे ना? गडावरून उतरलेली शहरातली पोरं अजून पिठल्याचे फोटोच काढतात की खातातही? आमच्याकडे बरं आहे. शमीमची तब्येत ठणठणीत. ती माझ्याशी तुमच्याइतकंच बोलते, फक्त जेवायला वाढते. फोनचं असं झालं म्हणून हे पत्र तुमच्या वाडीच्या जीपवाल्याकडे देतोय. पत्राला मावशी ‘झोपल्यात’ म्हणू शकत नाहीत.

आता मुद्द्याचं. स्नेहलच्या पाठवणीला जे झालं ते मी मुद्दाम केलं नाही, शप्पथ. तुमची एवढी एकच इच्छा होती. दात गेल्यापासून सनई तोंडात धरवत नाही (एकदा कवळी घालून प्रयत्न केलात, तेव्हा हळदीच्या मांडवात सनईबरोबर कवळीही बाहेर आली, तो विषय नको), पण नात सासरी निघेल ती तुमच्या चालीवर, तुमच्या वडिलांनी तुम्हाला दिलेल्या. त्यासाठी माझ्या कीबोर्डपुढं, म्हणजे तुमच्या भाषेत ‘नसीरच्या पेटीपुढं’, तुम्ही किती बसलात! बोळक्या तोंडानं एकेक ओळ म्हणायचात, मी ती वाजवून पेटीत भरायचो. मधे मधे दम घ्यायला थांबायचात. मी म्हटलं, आबा, ह्या मोकळ्या जागा काढून टाकू, पेटीला कुठं दम लागतो? तर म्हणालात, “पेटीला न्हाई लागत रं, ऐकणाऱ्याला लागतो. ऱ्हाऊ दे तशा.” राहू दिल्या. तेवढं एक मी तुमचं ऐकलं, आणि तेवढंच एक नीट झालं.

बिघडलं ते नव्या पेटीपायी. जुनीची बटणं दाबली की आत जायची ती जायचीच, म्हणून लग्नाआधी दुसरी घेतली. (नवी म्हणजे आमच्यापुरती नवी. खंडाळ्याच्या एका हॉटेलात पाहुण्यांपुढं वाजून वाजून आमच्याकडे विश्रांतीला आलेली.) तुमची चाल जुनीतून काढून हिच्यात घातली. आता समजावून सांगतो, कारण स्वतःला सांगून सांगून माझं पाठ झालंय. पेटीत गाणं भरतो तेव्हा आवाज भरला जात नाही, आबा. कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ, एवढंच भरलं जातं. ते कुणी वाजवायचं, सनईनं की बासरीनं, त्याचा एक नंबर गाण्याच्या अगदी सुरुवातीला लिहिलेला असतो. तमाशात सोंग तेच पण सोंगाड्या दुसरा, तसला प्रकार. जुन्या पेटीत तो नंबर सनईचा होता. नव्या पेटीत त्या नंबरावर भलतंच कायतरी बसलं होतं. हे मला आदल्या दिवशी कळलं. मी लगेच बटण फिरवून सनई लावली आणि गाणं मधूनच चालू करून ऐकलं. काय सनई! शमीम हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आली. मी खूश, आमच्या वाजंत्री पार्टीतले ढोलकीवाले खूश. पण सुरुवातीचा जुना नंबर बदलून गाणं पुन्हा जतन करायचं असतं, ते राहिलं. मधून वाजवलं तर लावलेली सनई टिकते. पहिल्यापासून वाजवलं तर तो सुरुवातीचा नंबर येतो आणि सनईला उठवून आपला माणूस बसवतो. आणि पाठवणीची चाल कुणी मधून वाजवत नाही.

पुढचं तुम्ही पाहिलंत, पण माझ्या जागेवरून नाही पाहिलंत. तुम्ही नवा फेटा बांधून पहिल्या खुर्चीत. स्नेहल आईच्या गळ्यात. सगळं कार्यालय रडायच्या बेतात. तुम्ही मला मान हलवून खूण केलीत, मी बटण दाबलं, आणि सनईच्या जागी टाळ्या! तुमच्या चालीच्या एकेका सुरावर कडाकडा टाळ्या. पोरगी हुंदका देतेय, आम्ही टाळ्या देतोय. कामशेतहून आलेल्या नवरदेवाच्या आत्या, त्या रतनबाई, कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “एवढी जड झालती व्हय पोरगी तुमाला?” मी घाईघाईत दिसेल ते बटण दाबलं तर टेलिफोन वाजायला लागला आणि निम्म्या वऱ्हाडानं खिशात हात घातले (नवरदेवानंसुद्धा, मुंडावळ्या सावरत). पुढचं दाबलं तर हेलिकॉप्टर. बारकी पोरं आभाळ बघायला बाहेर पळाली, त्यांच्या मागं त्यांच्या आया, आणि नवरीच्या गाडीपाशी निरोपाला उरले कोण, तर फोटोवाला. शेवटी मी वायरच उपटली.

तुम्ही शिवी दिली असतीत तर बरं झालं असतं. तुम्ही फेटा काढलात, खुर्चीवर ठेवलात आणि न जेवता वाडीला निघून गेलात. आबा, मला लय वाईट वाटतंय. मांडवात पोटभर हसणारे होते, अजून कुसगावात मला बघून टाळ्या वाजवणारे आहेत, त्यांचं काही नाही. पण तुम्ही ती चाल माझ्या हातात दिली होतीत आणि मी तिची थट्टा करून टाकली. तुमच्या जागी मी असतो तर मीही फोन घेतला नसता. फेटा आमच्याकडे आहे, शमीमनं घडी करून कपाटात ठेवलाय.

असो. चाल आता मी दुरुस्त केली आहे. नंबर बदलला, सनई बसवली, जतन केलं. काळजी नसावी. मावशींना सलाम.

तुमचाच (तुम्ही म्हणाल तर),
नसीर

ता. क. सांगायचं राहिलं. स्नेहलचा सासरहून फोन आला होता. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर म्हणाली, “काका, टाळ्या होत्या तरी मला कळलं ती आबांची चाल आहे. आबा जिथं दम घेतात ना, तिथंच टाळ्या थांबत होत्या. मी तिथंच रडले.” ती मांडवपरतणीला तुमच्याकडे येतेय. रविवारी परत निघेल तेव्हा तिला ती चाल ऐकायची आहे, तुमच्या उंबऱ्यात. मी हो म्हणून बसलोय.

पुन्हा ता. क. वर ‘दुरुस्त केली’ असं लिहिलंय ते खोडणार होतो, पण शमीम म्हणेल खाडाखोड करून पाठवलं. आबा, नंबर बदलला खरा, पण गडबडीत एका कोऱ्या गाण्यात बदलला, आणि ते कोरं गाणं तुमच्या चालीच्या नावानं जतन केलं. पेटीनं विचारलं होतं, नक्की का? मी हो म्हटलं. मग सुरक्षित राहावं म्हणून पेनड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीवरही तेच चढवलं. जुनी पेटी भंगारवाल्यानं नेली. आता त्या गाण्यात सनईचा नंबर अगदी बरोबर आहे, फक्त आत एकही सूर नाही. आठवून वाजवायला बसलो. पहिली ओळ येते, दुसरीपासून माझं मीच कायतरी लावतो. शमीम आतून म्हणाली, “ही ती नव्हे.” स्नेहलच्या लग्नानंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तेव्हा चाल आता फक्त तुमच्यापाशी आहे. रविवारी फेटा घेऊन येतोय, पेटी आणत नाही. मावशींना सांगा, ‘झोपल्यात’ म्हणू नका. माझ्याशी बोलू नका, बघूही नका. उंबऱ्यात बसून स्नेहलला तेवढी चाल म्हणा, बोळक्या तोंडानं म्हणा, लागेल तिथं दम घ्या. मी बाजूला बसून तोंडानं सूर धरीन, तुम्ही थांबलात की थांबेन. टाळी वाजवणार नाही.