ऋचा पोचेपर्यंतचा केर

गुरुवार, दिवेलागणी

काल रात्री ऋचाला विमानतळावर सोडून आलो, तेव्हापासून घरात केरसुणी फिरलेली नाही. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा माझ्या बायकोचा, सुमनचा, दंडक. लेक रॉकेटचं शिकायला जर्मनीला गेली आणि तिच्या खोलीत संत्र्याची सालं तशीच पडून. मुंग्यांना दंडक लागू नाही.

सकाळी बायकोला छेडलं, "उद्या ही प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या यानात बसली, तर तिची पाच वर्षं होतील, आपली पन्नास. तोवर केर तसाच?"

"राहू द्या मंग पन्नास वर्षं. पोरगी तं तरुण राहीन ना?"

गणित तिला माझ्याआधी समजलं. पोरगी तरुणच परत येईल. पण दार कोण उघडेल? पुराणांतले कल्प, मन्वंतरं, युगं, सगळं मी तोंडपाठ केलं, तेव्हा हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांत आपलं कोणी नव्हतं म्हणून असेल.

वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, हे ऋचाच सांगायची, संत्रं सोलता सोलता. सालं खाली टाकू नकोस, एवढंच मी म्हणायचो.

मघाशी तिचा मेसेज आला, 'उतरले.' सुमनने लगेच केरसुणी उचलली.

"थांब," मी म्हणालो, "नुसती उतरली आहे. खोलीवर तर पोचू दे."

"तुम्ही काहून थांबवून राहिले? तुमचा तं विश्वास नाही ना ह्याच्यावर?"

"नाहीच," म्हणालो, आणि ऋचाच्या खोलीचं दार ओढून घेतलं.