नारिंगी टोपीचे खांब

टिरोल, गुरुवार

प्रिय आफ्रा,

तुझा लिंझचा पत्ता मी आईच्या शिवणाच्या डब्यातून काढला. ती तुला चोरून पत्रं लिहिते हे मला बारा वर्षं ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही. पण या घरात कोणी कोणाला काही विचारत नाही. तो गुण माझाच.

इथलं सगळं तसंच आहे. अजून मी रोज सकाळी स्कीच्या बर्फाळ उतारांच्या कडेने खांब ठोकतो, आणि तारेवरून वर नेणारे पाळणे थांबले की शेवटची फेरी मारून मागे कोणी राहिलं नाही ना, ते बघतो. फक्त काळा आणि लाल, ते अवघड उतार आता माझ्या हाताखालचा तरणा विगिल सांभाळतो. माझ्या गुडघ्याने राजीनामा दिला, म्हणून मला निळा दिलाय, नवशिक्यांचा. विगिल म्हणतो, "कासियानकाका, जपून हं, खाली लहान मुलं आहेत, धडकतील तुम्हाला." हसू दे बेट्याला. मीही हसलो होतोच की एकदा.

बारा वर्षांपूर्वी स्की-प्रशिक्षकाच्या परीक्षेत तू काळ्या उतारावर निम्म्यात थांबलीस, स्की काढून खांद्यावर घेतल्यास आणि चालत खाली आलीस. मी खानावळीत चारचौघांत म्हणालो, "आमच्या राणीसाहेब निळ्यावरच्याच. पाहुण्यांच्या पोरांबरोबर घसरगुंडी खेळतील." दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तू गेलीस. कोणालाच सांगितलं नाही ते आज सांगतो. त्या सकाळी काळा उतार काचेसारखा गोठला होता. 'बंद'ची पाटी माझ्या हातात होती. लावली असती तर परीक्षा पुढे गेली असती, आणि मला तर माझी पोर काय चीज आहे ते गावाला दाखवायचं होतं. नाही लावली. तू थांबलीस तेच बरोबर होतं. चुकलो मी, आणि वर हसलोही मीच.

परवा मंगळवारी दाट धुकं उतरलं. शेवटच्या फेरीत निळ्याच्या कडेबाहेर एक मुलगी खांबाला धरून हाका मारत होती. लिंझच्या शाळेबरोबर आलेली, मागे पडलेली. म्हटलं, इथे का थांबलीस? तर मलाच शिकवते, "उतरताना नारिंगी टोपीचे खांब उजव्या हाताला पाहिजेत. डावीकडे आले की आपण वाट सोडली. मग हलायचं नाही, हाका मारायच्या. आईने टेबलावर चमचे मांडून शिकवलंय." ते चमचे मी मांडले होते, तू पाच वर्षांची असताना. विचारलं, आईला कोणी शिकवलं? म्हणाली, "तिच्या बाबांनी. ते तिरसट आहेत, पण खांब बरोबर लावतात."

माझी काठी धरायला देऊन तिला खाली आणलं, तिच्या बाईंच्या हवाली केलं. नाव रोझिना म्हणाली. हनुवटी तुझीच. मी कोण ते सांगितलं नाही; ते सांगायचा हक्क तुझा. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहायला बसलो. पोरी, बारा वर्षं नारिंगी खांब माझ्या डावीकडे आहेत, आणि मी आपला चालतच राहिलो. आता थांबलोय आणि हाक मारतोय. ईस्टरला तिला घेऊन ये. निळ्यावरून तिघं उतरू, तू पुढे.

थांबलेला,
तुझाच बाबा