दाखला वेळेत आला होता

कुसगाव,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुषमा,

जुलैमध्ये तुला लिहिलेल्या पत्रात एक तारीख चुकीची होती. तुझ्या वडिलांनी, शिदूभाऊंनी, उत्पन्नाचा दाखला एक जुलैला, म्हणजे मुदत संपल्यावर एका दिवसाने आणून दिला आणि म्हणून परदेशातल्या सत्रासाठीचा तुझा अर्ज बाद झाला, असं मी लिहिलं होतं. दाखला सत्तावीस जूनला आला होता. शुक्रवार होता, दुपारचे पावणेचार वाजले होते. मुदत सोमवारपर्यंत, तीस तारखेपर्यंत होती. शिदूभाऊ लोहगडवाडीहून मळवलीपर्यंत चालत उतरून आले होते. दाखला त्यांनी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून बनियनच्या आत ठेवला होता. ते नखशिखांत भिजले होते आणि कागद मात्र कोरडा ठणठणीत होता. आवक रजिस्टरमध्ये नोंद माझ्याच अक्षरात आहे आणि शेजारी त्यांची सही आहे. त्या पानाची झेरॉक्स या पत्रासोबत जोडली आहे. पत्र अर्धवट सोडून दिलंस तरी ते पान बघ.

तुझा फोन लागत नाही. तुझ्या मावशीचा देहूरोडचा पत्ता मला तुझ्या वर्गातल्या आरतीने दिला. तू तिथे कुठल्याशा गोदामात पॅकिंगला जातेस, दिवाळीलाही घरी गेली नाहीस, हे तिच्याकडूनच कळलं. फोन लागला असता तरी मला हे तोंडी नीट सांगता आलं नसतं. मी बोलताना समोरच्याला बरं वाटेल असं बोलून जाते, ही माझी जुनी खोड आहे, आणि तीच या सगळ्याच्या मुळाशी आहे. लिहिताना मात्र मला धाक असतो. लहानपणी दम्यामुळे मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेच नाही. माझ्या अब्बांची थोरली बहीण, मेहरुन फुफी, स्वयंपाक करता करता मला घरीच शिकवायची. तिच्याकडे खोडरबर चालत नसे. चुकलं की त्यावर एक आडवी रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे, आणि शेजारी बरोबर ते लिहायचं. ‘पुसलंस की तूच इसरशील, बेटा,’ म्हणायची. गेले चार महिने मी तिच्या घरी जायचं टाळते आहे. ती काही विचारणार नाही, तरी टाळते.

आमच्या त्या मंगळवारच्या बैठकांबद्दल तुला थोडंसं माहीत आहे. जिन्याखालच्या आपल्या विद्यार्थी कल्याण कक्षात, दर महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी साडेतीनला मी कॉम्प्युटरसमोर बसते आणि पडद्यावर सहा देशांतल्या विद्यापीठांमधले तेरा चेहरे उगवतात. कुणाची सकाळ असते, कुणाची संध्याकाळ. सगळे माझ्यासारखंच काम करणारे. मुलांच्या फिया, वसतिगृहं, आजारपणं, रडणं, घरची भांडणं, आणि पुढे काय करू हा प्रश्न. पहिल्या बैठकीत केनियातल्या एका गृहस्थांनी सांगितलं की परीक्षेच्या आठवड्यात ते टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवतात, कारण मुलं बोलायला आली की आधी घसा कोरडा पडतो. मी माझ्या टेबलावरचा तांब्या उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. सगळे हसले. तोपर्यंत मला वाटायचं की कॉलेजात मी म्हणजे शिपाई आणि शिक्षक यांच्या मधली कुणीतरी आहे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा एक पेशा आहे आणि त्यात आपली माणसं आहेत. म्हणूनच त्यांच्यासमोर लहान ठरायची मला भीती वाटू लागली.

आम्ही सगळे मिळून एक प्रश्नावली तयार करत होतो. आताच्या मुलांना ज्या जगात जायचं आहे त्यासाठी कोण किती तयार आहे, हे सगळ्या देशांत एकाच मापाने कळावं, म्हणून. पंचवीस प्रश्न, कुठे एक गुण तर कुठे दोन-तीन, एकूण पन्नास. त्यातला चौदावा प्रश्न असा होता: मोठा निर्णय घेताना तू सर्वांत आधी काय करतेस? स्वतः विचार करून ठरवते, याला तीन गुण. जाणकाराचा सल्ला घेते, दोन. मित्रमैत्रिणींशी बोलते, एक. घरी विचारते, शून्य. फेब्रुवारीतल्या बैठकीत यावर चर्चा झाली. फिलिपिन्समधली मारिसेल, माझ्याच वयाची, म्हणाली की आमच्याकडची चांगली धीट मुलंसुद्धा आधी घरीच विचारतात, मग ती सगळी शून्यात जाणार का? आणि तिने माझं नाव घेऊन विचारलं, लायबा, तुमच्याकडे कसं आहे?

सुषमा, मी जिथे बसले होते तिथून खिडकीतून कुसगावातल्या आमच्या घराची पत्र्याची शेड दिसते. मी आयुष्यात कुठलीही गोष्ट घरी विचारल्याशिवाय केलेली नाही. ही नोकरीसुद्धा. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की आमच्याकडेही असंच आहे. पण ते इंग्रजीत, तेरा माणसांपुढे, आम्ही मागासलेले वाटणार नाही अशा बेताने कसं म्हणावं हे जुळेपर्यंत काही क्षण गेले आणि सगळे वाट बघत राहिले. मग मी म्हणाले, आमच्याकडे काही अडचण नाही, चालेल. मारिसेल पुढच्या प्रश्नाकडे वळली. प्रश्न तसाच राहिला.

जूनमध्ये ती प्रश्नावली तुम्ही अकरा जणांनी भरलीत. आपल्या कॉलेजला मारिसेलच्या विद्यापीठातलं एक सत्र मिळालं होतं, एकच जागा, जानेवारीपासून चार महिने, सगळा खर्च त्यांचा. बत्तीस गुण हवे होते. तुला एकतीस पडले. चौदाव्या प्रश्नाला तू ‘घरी विचारते’वर खूण केली होतीस आणि खाली, जिथे कारण लिहायला जागा होती पण गुण नव्हते, तिथे लिहिलं होतंस: ‘आधी आईला विचारते, मग वडिलांना. ते म्हणतात तुझं तू ठरव. मग मी ठरवते.’ हे मी तीनदा वाचलं. मग शून्य दिला. ठरलेल्या कोष्टकाबाहेर एक गुणही द्यायचा नाही असं मी स्वतःला बजावलं होतं आणि त्या वेळी मला तो प्रामाणिकपणा वाटला. ज्याला जागा मिळाली तो लोणावळ्याचा स्वराज फॉर्म भरताना दोनदा बाहेर जाऊन आईला फोन करून आला आणि आत येऊन त्याने ‘स्वतः ठरवतो’वर खूण केली. त्याला तीन गुण मिळाले. मुलगा वाईट नाही. त्याच्यावर रागावू नकोस. त्याला कुणीतरी परीक्षा कशी द्यायची ते शिकवलं होतं, एवढंच.

तू निकाल विचारायला दोनदा येऊन गेलीस तेव्हा मी निवृत्ती सरांकडे गेले. ते आमचे विभागप्रमुख, तुला माहीतच आहे, दोन वर्षांत निवृत्त होतील. ते म्हणाले, ‘गुणांचं सांगत बसू नका. गुण सांगितले की पालक वाद घालतात. कागद उशिरा आला म्हणा. कागदाचं नाव काढलं की माणसं गप्प बसतात.’ त्यांना यात काही वावगं वाटलं नाही, वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. पण पत्र त्यांनी लिहिलं नाही. मी लिहिलं. तारीख शोधून काढली ती मी. वर ‘एक तारीख चुकीची होती’ असं म्हटलंय, ते खोडते. चूक नकळत होते. मी ती जाणून लिहिली, कारण गुणांचं सांगितलं असतं तर तू कुठल्या प्रश्नाला कमी पडले असं विचारलं असतंस, आणि मला फेब्रुवारीतलं सांगावं लागलं असतं. तुझं उत्तर आलं ते अजून माझ्या खणात आहे. ‘मॅडम, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत. चूक आमच्या घरचीच आहे. मी वडिलांना एवढं एकच काम सांगितलं होतं.’

ते वाचूनही मी गप्प बसले. तुझ्या घरात त्या वाक्याने काय केलं हे मला गेल्या रविवारी दिसलं. प्रवेशाच्या सर्वेक्षणासाठी मी लोहगडवाडीला गेले होते. गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती, तुमच्या टपरीवर तुझ्या आई, सावित्राबाई, एकट्याच भाकऱ्या थापत होत्या आणि शिदूभाऊ ताटं विसळत होते. पूर्वी गिऱ्हाइकांशी ते किती बोलायचे, कोणाच्या बुटावरून तो कुठल्या कंपनीत कामाला आहे ते ओळखायचे. त्या दिवशी मान वर करत नव्हते. मला बघून हात पुसत आले, खुर्ची दिली, आणि बसायच्या आत म्हणाले, ‘मॅडम, पोरगी बोलत न्हाई माज्याशी. चार महिनं झालं. बरुबर हाय तिचं. दाखला मीच उशिरा आनला.’ सावित्राबाई चुलीपासूनच म्हणाल्या, ‘उशिरा न्हाई आनला. शुक्रवार व्हता, माजा उपास व्हता, ह्ये भिजून आलं आन मी वरी केलीती.’ त्यावर भाऊ म्हणाले, ‘तुजं काय घिऊन बसलीस. कॉलेजच्या कागदावर मंगळवार हाय. कागद खोटा असतोय व्हय?’ आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, ‘मला बी आदी शुक्रवारच वाटायचं. आता आटवंना झालंय.’

माझ्या हातात चहाचा पेला होता. मी त्यातच बघत राहिले. सावित्राबाई म्हणाल्या, ‘मॅडम, चा प्यायचा असतोय, त्यात त्वांड बघायचं नसतंय.’ शेजारच्या टपरीवरचा माऊली हसला. मीही हसले. चहा पिऊन उठले आणि भाऊ मला पायरस्त्यापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी विचारलं, एक दिस आदी आनला असता तर झालं असतं का तिचं? मी म्हणाले, सांगता येत नाही. सुषमा, मी त्या माणसाला म्हणाले, सांगता येत नाही. माझ्यामुळे तो स्वतःच्या पायांनी चाललेला दिवस विसरायला लागला होता आणि तो माझी पिशवी उचलून माझ्यापुढे चालत होता.

तुझी जागा परत मिळणार नाही. स्वराजचा व्हिसा झाला आहे. मी मारिसेलला पत्र लिहून विचारलं, पुढच्या वर्षीचं तिला काही सांगता येत नाही. त्यामुळे मी तुला काही देऊ करते आहे असं समजू नकोस, माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. तू गोदाम सोडून परत शिकायला यावंस असंही सांगायचा मला आता अधिकार राहिलेला नाही. तिसऱ्या वर्षाचं तुझं नाव अजून कमी केलेलं नाही, परीक्षेचा फॉर्म डिसेंबरच्या दहापर्यंत भरता येतो, इतकी माहिती मात्र द्यायला हवी म्हणून देते.

आता हे पत्र का लिहिलं ते. पंचवीस तारखेच्या मंगळवारी आमची बैठक आहे. त्या दिवशी ती प्रश्नावली कायमची ठरेल आणि पुढच्या वर्षापासून सहाही देशांत वापरली जाईल. मारिसेलच्या मुलांना, इतरही किती मुलांना चौदाव्या प्रश्नाला शून्य मिळेल. मी त्या बैठकीत सांगणार आहे की फेब्रुवारीत मी खोटं बोलले, आणि त्यानंतर आणखी एकदा लिहून खोटं बोलले. तसं लेखी निवृत्ती सरांच्या टेबलावरही ठेवणार आहे. माझा करार डिसेंबरात संपतो, तो बहुधा पुढे चालू राहणार नाही. अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, आधी त्या माणसाकडे जा, मग तुझ्या मीटिंगला बस. ते बरोबर आहे. पण भाऊंच्या आधी तुला कळायला हवं होतं, कारण मी सांगितल्यावर ते पहिलं काय करतील ते मला ठाऊक आहे. ते पोरीला फोन लावतील. तो तू उचलावास, निदान त्या दिवशी फोन चालू ठेवावास, एवढ्यासाठी हे पत्र आहे. मला काही उत्तर पाठवू नकोस. शनिवार-रविवार टपरीवर गर्दी असते, लोकांसमोर त्यांना हे ऐकायला लावायचं नाही, म्हणून मी रजा टाकली आहे. रजिस्टरचं पान घेऊन मी तुमच्या घरी जाईन, सोमवारी, चोवीस नोव्हेंबरला, सकाळी दहाच्या आत.

तुझीच,
लायबा