मुकादमाचा पाय

१० मार्च

चि. डॉक्टरीणबाईंना आशीर्वाद.

दादाने तुझ्या दवाखान्यातून आपल्या मुकादम कुत्र्याला आणलं ते पट्ट्यांत गुंडाळून, म्हणून काही कळलं नव्हतं. आज त्याने पट्टी भिजवली. बदलायला सोडली आणि बघतो तर काय! अगं, त्याचा पाय तू त्याच्याच छातीला शिवलास? चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं, पण बाहीचं तोंड छातीवर शिवून टाकणारा कारागीर मी ठेवला नाही. ट्रकने पाय सोलला तेव्हा हा ओरडला नसेल एवढी तुझी आई आज ओरडली. चूक झाली असेल तर लपवू नकोस. माझ्याने बघवत नाही, लगेच लिही.

तुझे बाबा

१२ मार्च

ती. बाबांना सा. न.

हात जोडते, टाक्यांना हात लावू नका! चूक नाही. त्याचं हाड उघडं पडलं होतं, त्यावर कातडीचं सुटं ठिगळ जगत नाही. छातीची कातडी सैल असते, म्हणून तिचा पट्टा मोकळा करून त्याखाली पाय सरकवला. पट्ट्याची दोन्ही टोकं छातीलाच आहेत, तिथून त्याला रक्त मिळतं. ऑपरेशनपासून चौदा दिवसांत तो पायावर रुजेल, मग टोकं मी कापीन. सोळाला आणा. आईला सांभाळा.

तुमची धाकटी

१४ मार्च

चि. बाळ, आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. मी काल उसवलं.

तो सारखा पाय ओढत होता, वाटलं बिचाऱ्याला सोडवावं. एका बाजूचे टाके काढले आणि त्याने हिसका दिला. केवढं रक्त गं! आणि तो माझाच हात चाटतोय. घट्ट बांधून ठेवलंय. दादा त्याला घेऊन निघालाय, हे पत्र त्याच्याकडेच देतो. मला यायचं धाडस नाही. पाय कापावा लागला तर मला कळवू नकोस. नाही, कळवच.

बाबा

१७ मार्च

ती. बाबांना सा. न.

पाय वाचला. उसवलेल्या काठाची दोन बोटं कातडी काळी पडली, ती काढली. बाकीची पायाला धरून होती, सुई टोचली तर लाल रक्त आलं, म्हणजे ती जिवंत आहे. आज टोकं कापून पाय मोकळा केला. महिनाभर मलमपट्टी करावी लागेल, कदाचित थोडा लंगडेल.

रागावले आहे, पण एकट्या तुमच्यावर नाही. दादाला मी पट्टी सोडू नका एवढंच सांगितलं. आत काय केलंय ते मुद्दामच सांगितलं नाही. कुत्र्यामांजरांची डॉक्टर म्हणून तुम्ही चारचौघांत हसता, तेव्हापासून मी माझ्या कामाचं तुम्हाला काही सांगतच नाही. त्या अढीत त्या मुक्या जिवाचा पाय जात होता, बाबा.

रविवारी पट्टी बदलायची आहे. तुम्ही या, दादाला पाठवू नका. टेबलाजवळ माझ्या शेजारी उभे राहा, मी सगळं दाखवते.

रागासकट लोभ आहे, तुमचाही असू द्या.

तुमची धाकटी