पोस्टकार्डाएवढी फट

आई,

माझ्या उजव्या अंगठ्याला फोड आला आहे. चार दिवस झाले, सांगलीच्या या घरात जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी तार वाकवते आहे, आणि तुझं ऐकायची तशी तार माझं ऐकत नाही. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. तू होतीस तेव्हाही मी तुला चार ओळींपलीकडे कधी लिहिलं नाही, कारण पत्र तुला शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घ्यावं लागायचं, आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं म्हटलं की लिहिण्यासारखं काही उरायचंच नाही. आज लिहिते आहे, कारण हे कुणाला सांगावं असा विचार करताना दुसरं कुणी आठवलं नाही.

साताऱ्याच्या त्या कारखान्याला कारखाना म्हणणं म्हणजे जास्तच झालं. पत्र्याची एक लांब शेड, त्यात नऊ-दहा बायका, आणि दिवसभर उंदरांचे पिंजरे आणि तळणाचे झारे. आबा फौजेत, वर्षातून दोन महिने घरी. तू वडूजकडच्या कोरडवाहू रानातून आलेली, शहरात काय काम मिळेल ते करणारी. संध्याकाळी येताना पदरात तारेचे उरलेले तुकडे बांधून आणायचीस. मालकाला विचारूनच, हे तू दर वेळी मला सांगायचीस, जणू मी पोलीस होते. मग भाकरी झाल्या, चूल विझली, की तू स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं एक आकृती काढायचीस, पुसायचीस, परत काढायचीस. तुला अक्षर येत नव्हतं, पण ती रेघ अशी यायची की मी पुढे आयुष्यभर फळ्यावर भूमिती शिकवली तरी मला तशी काढता आली नाही.

आणि त्या रेघेवरून तू तारेची कोडी करायचीस. एकमेकांत गुंतलेले दोन नाल आणि त्यांच्यावर चढलेली कडी, ती सोडवायची. सर्पिलातून बाहेर न येणारा आकडा. तीन डोळ्यांची एक वेडीवाकडी तार, तिला तू ‘मामलेदार’ म्हणायचीस, कारण कुठूनही गेलं तरी काम होत नाही. कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणालीस, “कोन शिकिवनार? पिंजरा करताना हेच तर करतो आमी. उंदराला आत जायाची वाट दावायची आन भायेरची लपवायची. ह्यात निस्तं उलटं.”

तुझे नियम मला अजून पाठ आहेत. तार जाड हवी, नाहीतर माणूस वाकवून काढतो. कोड्यात एक खोटी वाट हवी, आणि ती लगेच बंद होता कामा नये; “मानसाला खोट्या वाटंनं जरा लांब जाऊ द्यावं, मंग त्यो खऱ्या वाटंकडं बगत न्हाई.” खरी वाट नेहमी उलट्या दिशेला, बाहेर यायचं तर आधी अजून आत जायचं. आणि फट. जिथून तार शेवटी निसटते ती फट तारेच्या जाडीपेक्षा एका पोस्टकार्डाएवढीच जास्त. आबांचं जुनं कार्ड तू त्यासाठीच जपून ठेवलं होतंस; तार आणि कार्ड दोन्ही एकदम सरकली तर पास. त्याहून फट मोठी झाली तर कोडं आपोआप सुटतं, लहान झाली तर माणूस जोर करतो. एकदा मी केला होता जोर. दुसरीत की तिसरीत असेन. डोळा रुंदावून कडी ओढून काढली आणि नाचत तुला दाखवायला आले. तू ओरडली नाहीस. कडी हातात घेतलीस, फट नखानं चाचपलीस आणि म्हणालीस, “ह्ये सुटलेलं न्हाई. ह्ये मोडलेलं हाय.” आठवडाभर तू मला एकाही कोड्याला हात लावू दिला नाहीस.

मग कॉलेज. गणित घेऊन शिकणाऱ्या आम्ही तिघी मुली, आणि दुसऱ्या वर्षाला विज्ञान प्रदर्शन. नालांचं ते कोडं माझ्या पिशवीत होतं. मोकळ्या तासाला मी त्याच्याशी चाळा करत बसायची. आमच्या सरांनी ते पाहिलं, पंधरा मिनिटं झगडले, आणि हरून म्हणाले, “काय सुंदर रचना आहे! तू केलीस?” मला मान हलवायला किती वेळ लागला असेल? खरं सांगते, ठरवून नाही हलवली. पिंजऱ्यांच्या शेडमधलं तुझं ते सगळं सरांना सांगायचं, हे मनात आलं आणि मान हलली. नंतर मागे घ्यायला जागाच राहिली नाही. मी त्याचा मोठा तक्ता केला, कोन मोजले, बाण काढले, आणि खाली ‘रचना’ असं लिहून त्यापुढे स्वतःचं नाव घातलं.

तुला मी प्रदर्शनाचं बोललेच नव्हते. पण मास्तरीणबाईंनी सांगितलं असणार. दुपारची वेळ आहे, मी टेबलामागे उभी आहे, सर शेजारी पाहुण्यांना समजावून सांगताहेत, आणि रांगेत चौथ्या नंबरला तू. कामावरून तशीच आलेली. तारेनं काळी झालेली बोटं तू पदरात झाकून घेतली होतीस. मला वाटलं, आता तू माझं नाव घेऊन हाक मारणार. तुझा नंबर आला तेव्हा तू कोडं उचललंस आणि तक्त्याकडे बराच वेळ बघितलंस. वाचता येत नव्हतं तुला. तू आकृती बघत होतीस. सर म्हणाले, “सावकाश हं बाई, अवघड आहे ते.” तू नाल फिरवलेस, कडी खोट्या वाटेनं घातलीस, अगदी शेवटपर्यंत नेलीस, अडकली तशी थांबलीस आणि कोडं खाली ठेवलंस.

“न्हाई बा जमत,” तू म्हणालीस. “कुनी केलंया?”

सरांनी माझ्याकडे हात केला. “ह्या मुलीनं.”

तू माझ्याकडे पाहिलंस. डोळ्यांत राग असता तर मला बरं झालं असतं. “लय डोकं हाय पोरीला,” सरांना म्हणालीस, आणि पुढच्या टेबलाकडे गेलीस. तिथलं दुर्बिणीचं मॉडेलही तू नीट बघितलंस.

त्या संध्याकाळी मी उंबऱ्यातच उभी राहिले होते. तू भाकरी थापत होतीस. मी सगळं ठरवून आले होते; तू एक शब्द बोललीस की रडायचं, पाय धरायचे. तू ताटात पिठलं वाढलंस, कांदा फोडलास, आणि मी अर्धी भाकरी खाल्ल्यावर म्हणालीस, “त्या कागदावर तू फट जास्त दावलीयास. येवढी न्हाई ती.” बस. तेवढंच. मला पहिलं बक्षीस मिळालं हे तू नंतर शेजारणींना सांगितलंस, पण कशाबद्दल ते सांगितलं नाहीस.

त्यानंतर तू नवी कोडी केलीस की नाही, मला नक्की माहीत नाही. केली असणार, कारण फळीवरचा कोड्यांचा डबा भरत होता. पण माझ्यासमोर खडू कधी निघाला नाही. मी पुढे शिकले, सांगलीत नोकरी लागली, एकटीच राहिले. तू यायचीस, दोन दिवसांत म्हणायचीस, “हितं वारं लागत न्हाई,” आणि साताऱ्याची गाडी धरायचीस. आबा पेन्शनवर आले आणि वर्षभरात गेले, तरी तू ती खोली सोडली नाहीस. मीही फार आग्रह केला नाही. आपल्यात भांडण नव्हतं, म्हणून मिटवायलाही काही नव्हतं.

तू गेलीस तेव्हा मी तेरा दिवस साताऱ्यात होते. चौदाव्या दिवशी खोली रिकामी करायची होती, आणि सांगलीत बोर्डाचे पेपर तपासायचे पडले होते. भांडी मास्तरीणबाईंच्या सुनेला दिली. कपडे वाटले. फळीवर तो मोठा पत्र्याचा डबा होता. मी झाकण उघडलं. आत सगळी एकमेकांत अडकलेली तार, गंजाचा वास. मी एकही उचललं नाही. खाली भंगारवाला आलाच होता. त्यानं डबा हलवून विचारलं, “काय हाय ह्यात, ताई?” मी म्हणाले, “काही नाही. तार.” नालांचं ते एक तेवढं उरलं, कारण ते माझ्याकडे सांगलीत होतं.

आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. सकाळी फिरून येते, पेपर वाचते, दुपारी टीव्हीचा आवाज असू दे म्हणून लावून ठेवते. गेल्या रविवारी इथल्या एका शाळेत गणिताच्या शिक्षकांसाठी बोलायला बोलावलं होतं. का कोण जाणे, मी ते नालांचं कोडं पर्समध्ये टाकलं. भाषण झाल्यावर एक तरुण बाई ते घेऊन खिडकीशी बसली. सगळे चहाला गेले तरी ती उठली नाही. तासाभरानं कडी मोकळी करून माझ्याकडे आली, चेहरा लाल झालेला. “मॅडम, आधी आत ढकलायची! कुणी केलंय हे?”

“माझ्या आईनं,” मी म्हणाले. एवढी वर्षं जे निघालं नव्हतं ते असं चहाच्या कपांच्या आवाजात निघालं, आणि काही झालं नाही. छत कोसळलं नाही. तिनं फक्त विचारलं, “अजून आहेत त्यांची?”

आणि मी म्हणाले, “आहेत की. डबाभर.”

का म्हणाले? तिचा चेहरा बघून म्हणाले. दिवाळीपासून माझ्या घरी कुणी आलेलं नाही म्हणूनही म्हणाले. ती म्हणाली, “पुढच्या रविवारी बघायला येऊ?” मी म्हणाले, “या. जेवायलाच या.”

सोमवारी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन जाड तार आणि गोल तोंडाची पकड आणली. दुकानदार म्हणाला, “कपडे वाळत घालायला ही तार जड पडंल, मावशी.” मी हो म्हणाले आणि तीच घेतली. पोस्टकार्ड आता घरात कुठलं? फट मोजायला एक लग्नपत्रिका कापली. ती थोडी जाड आहे. सर्पिल जमला. मामलेदारही जमला, दोनदा बिघडून. आज गुरुवार, डबा भरणार नाही, पण चार-पाच होतील. नवी तार फार चकाकते म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवली आहे, म्हणजे जरा गंज धरेल. रविवारी ती बाई आली की मी ही तिच्यासमोर ठेवीन आणि सांगेन, आईनं केलेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. त्यातलं एक तुझं नाही. काल तुझा एक आकार आठवत नव्हता, तार चुकीच्या बाजूला वळली, आणि बघत राहिले तर तिथून एक वाट निघत होती. सगळी दुपार त्यात गेली. टीव्ही लावायचा राहिला. माझं स्वतःचं म्हणावं असं ते पहिलंच. फार अवघड नाही, तू दोन मिनिटांत सोडवलं असतंस. तेही मी तुझ्याच नावानं दाखवणार आहे. पण तिनं त्यातलं नेमकं तेच उचलावं, असं मला सारखं वाटतंय.